शायर ते मॉर्डॉर, व्हाया नाटे

जे. आर. आर. टॉल्किन कोकणात कधीही आले नव्हते, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. जन्म १८९२ साली दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लूमफाँटेनचा, बालपण बर्मिंगहॅमच्या आसपास, नोकरी ऑक्सफर्डच्या विद्यापीठात, विषय जुनी इंग्रजी. राजापूर तालुक्याचा कुठे उल्लेख नाही. चरित्रकारांशी वाद घालण्याची माझी पात्रता नाही, पण मला हे पटत नाही. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या पहिल्याच प्रकरणात बिल्बो बॅगिन्स हा शायर नावाच्या मुलखातला ठेंगणा हॉबिट आपलं घर फ्रोडो या वारसाच्या नावे करून गाव सोडतो, तेव्हा हॉबिटांच्या रिवाजाप्रमाणे त्या कागदावर सात साक्षीदारांच्या सह्या लागतात. आणि त्या लाल शाईने! तहसील कचेरीच्या व्हरांड्यातल्या बाकावर ज्याने उभ्या आयुष्यात एक दुपार काढली नाही, त्याला हे सुचेल?

बरं, एवढंच असतं तर योगायोग म्हणून सोडून दिलं असतं. पण त्याआधीच्या ‘हॉबिट’ या कादंबरीत बिल्बो वर्षभर परगावी राहून ऐन जूनमध्ये घरी परततो, तर दारात लिलाव चाललेला. भाऊबंदांनी त्याला मेला असं ठरवून टाकलंय. आपल्याच खुर्च्या त्याला पैसे देऊन सोडवून घ्याव्या लागतात आणि तो जिवंत असल्याचं कायद्याने मान्य व्हायला पुढे बराच काळ जातो. चांदीचे चमचे तर परत येतच नाहीत. ते लोबेलिया नावाच्या नातलग बाईने नेले, असा त्याला कायमचा संशय. हॉबिट दिवसातून दोनदा न्याहारी करतात, अनवाणी फिरतात, वंशावळी तोंडपाठ ठेवतात, पावसाळी अळंबी दिसली की नातीगोती विसरतात आणि गावाच्या वेशीपलीकडच्या माणसाला थोडं खुळं समजतात. आता हा माणूस आमच्या बाजूला आला नव्हता, तर आमच्या बाजूचं कोणीतरी ऑक्सफर्डला गेलं असणार.

आमची बाजू म्हणजे नाटे. राजापूर तालुका, जैतापूरची खाडी समुद्राला मिळते तिच्या उत्तरेचा काठ. खाडीवर यशवंतगड, जांभ्याचा, झाडाझुडपांनी गिळलेला. शेजारी साखरीनाट्याचं मासळी बंदर, पुढे मुसाकाजी आणि आंबोळगड. या पट्ट्यात माणसाला अद्भुत म्हणून काही दाखवायचं तर फार कष्ट पडतात. तालुक्यात उन्हाळ्याला गंगा आहे. ती चौदा कुंडांत आपल्या मनाने प्रकट होते आणि मनाने जाते. पूर्वी तीन वर्षांचा नेम होता, हल्ली तिचंही वेळापत्रक एसटीसारखं झालंय. कशेळीच्या कनकादित्याची मूर्ती घेऊन जाणारं जहाज समुद्रात अडून बसलं आणि गावातल्या कनका नावाच्या बाईला दृष्टांत झाला, ही कथा आमच्याकडे बातमीच्या सुरात सांगतात. बारसूच्या सड्यावर दोन्ही हातांनी दोन वाघ थोपवून धरलेला माणूस कातळात कोरलेला आहे, हजारो वर्षांपूर्वीचा. अशा ठिकाणी कोणी येऊन म्हणालं, की एका दुष्टाने एक जादूची अंगठी बनवली, तर समोरचा विचारतो, ‘बरं, मग?’

आमच्या पुतण्याला हे ठाऊक नव्हतं. तो डोंबिवलीला राहतो, संगणकात काम करतो आणि गणपतीत गावी येताना प्रोजेक्टर घेऊन आला. गणपतीच्या रात्री जागवायला पूर्वी राजापुराहून भाड्याने टीव्ही आणि व्हिडिओ आणत. सकाळपर्यंत तीन-चार पिक्चर उरकत आणि पहाटेच्या आरतीला निम्मी मंडळी झोपेत टाळ वाजवत. ती परंपरा आपण पुढच्या पायरीवर नेणार, असं त्याने जाहीर केलं. पडवीत चादर ताणली. टॉल्किनच्या कादंबरीवरचे पीटर जॅक्सनचे तिन्ही चित्रपट, २००१, २००२ आणि २००३ सालचे, तीन रात्री, तेही लांबवलेल्या आवृत्तीत. एकूण अकरा तासांच्या वर. हा आकडा त्याने जरा दबकत सांगितला. थोरले काका म्हणाले, ‘म्हणजे एका नमनाएवढं.’ आमच्याकडे नमन-खेळे रात्री सुरू होतात ते उजाडेपर्यंत. गण होतो, गवळण होते, मावशी येऊन जाते, मग वग. ज्या प्रदेशात नमनाला घडाभर तेल खरोखर जळत असे, तिथे अकरा तासांची कोणी भीती घालू नये.

भाषेची अडचण पुतण्याने स्वतः सोडवली. चादरीशेजारी उभा राहून तो मराठीत सांगत होता. पहिल्या दहा मिनिटांत अंगठीचा तीन हजार वर्षांचा इतिहास झाला, तो प्रेक्षकांनी सुपारी कातरत ऐकला. मग गाडीतून उंच टोकदार टोपीचा, लांब दाढीचा म्हातारा गावात शिरला आणि गुहागरला दिलेल्या बहिणीचा मुलगा मांडीवरून उडी मारून ओरडला, ‘संकासुर!’ पुतण्या म्हणाला, नाही, हा गँडाल्फ. पोराला ते पटलं नाही. तिकडच्या शिमग्यात तो दरवर्षी संकासुर पाहतो: काळा झगा, टोकदार टोपी, मागे पोरांचा लोंढा. पडद्यावरही म्हाताऱ्याच्या मागे पोरांचा लोंढा होताच. तिथून पुढे तीन रात्री गँडाल्फचं नाव संकासुरच राहिलं. तो पुलावरून खाली कोसळला तेव्हा पोराने शांतपणे सांगितलं, ‘येईल परत. पुढच्या वाडीत गेलाय.’ तो परत आलाही, पांढऱ्या झग्यात, आणि पोराची पत वाढली.

अंगठीच्या मुद्द्यावर मात्र आत्याने कथेची गाडी अडवली. अंगठी नष्ट करायची, ती फक्त मॉर्डॉर या शत्रूच्या मुलखातल्या धगधगत्या डोंगरातच वितळते, म्हणून एवढा प्रवास. आत्याने विचारलं, ‘सोनं किती?’ पुतण्याकडे वजन नव्हतं. ‘खडा आहे?’ नाही, साधं वळं. ‘मग घडणावळ काहीच नाही. राजापूरच्या पेठेत दिली असती, घट धरून दुसरं काहीतरी करून मिळालं असतं. चांगल्या माणसांनी सोनं आगीत टाकायला निघायचं म्हणजे घरात विचारायला बाई नाही हे उघड आहे.’ पुतण्याने अंगठी माणसाला नादी लावते, ती सोडवत नाही, हे समजावून सांगितलं. आत्याने हातातल्या पाटल्यांकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘यात नवीन काय?’

सुरुवातीचा इतिहास सोडला तर सॉरॉन या मुख्य खलनायकाचा चित्रपटात फक्त डोळा दिसतो. मनोऱ्याच्या टोकावर, आगीचा, पापणी नसलेला, सगळ्या मुलखावर रोखलेला. परदेशी प्रेक्षक हे पाहून गारठले म्हणतात. आमच्या पडवीत पाचही बायकांनी एकाच वेळी एकच निदान केलं. एवढी मोठी नजर लागलीय आणि सैन्यात दृष्ट काढणारं एक माणूस नाही! मूठभर मीठ-मोहऱ्या, चार सुक्या मिरच्या, तिठ्यावर नेऊन टाकायच्या, मागे वळून पाहायचं नाही. फ्रोडोला मॉर्डॉरपर्यंत पायपीट करायला लावण्यापेक्षा हे स्वस्त पडलं असतं.

मोरियाच्या खाणीत शिरल्यावर लाइट गेली. बराच वेळ कोणाच्या लक्षात आलं नाही.

पण पहिल्या रात्रीचा खरा रंग भरला तो एल्फ सरदार एल्रॉन्डच्या दरबारात. अंगठीचं करायचं काय, हे ठरवायला सगळ्या जमातींचे प्रतिनिधी गोलात बसतात. चित्रपटात ही सभा आटोपशीर आहे. कादंबरीत ते प्रकरण इतकं लांब आहे, की प्रत्येक वक्ता मूळ पुरुषापासून सुरुवात करतो. आमच्या माणसांनी खुर्च्यांची मांडणी पाहिली आणि ताठ बसली. ही तर गावकीची बैठक! मंदिराचा सभामंडप, मानकऱ्यांची जागा ठरलेली, पालखी आधी कोणाच्या दारात जायची यावरून तीन पिढ्यांचा अबोला. खुज्या लोकांच्या प्रतिनिधीने उठून अंगठीवर कुऱ्हाड घातली आणि कुऱ्हाडीचेच तुकडे झाले, तेव्हा काका म्हणाले, ‘हा खालच्या वाडीचा.’ बोरोमिर उठला आणि म्हणाला, अंगठी आमच्या राज्याला द्या, आम्ही तिचा योग्य वापर करू. ‘हा ट्रस्टी,’ काका म्हणाले. मग सगळे एकदम उभे राहून भांडू लागले, म्हातारा संकासुर मध्ये पडला, कोणी कोणाचं ऐकेना. पडवीत पसंतीचे हुंकार उमटले. परदेशी माणसाला एवढं बारीक कसं समजलं, असं एकाने विचारलंही.

त्या गोंधळात सगळ्यांत लहान चणीचा फ्रोडो उठतो आणि म्हणतो, मी नेतो अंगठी. इथेही तक्रार नव्हती. गावकीचं काम शेवटी त्यालाच चिकटतं ज्याला नाही म्हणता येत नाही. पण त्यानंतर एकेक जण पुढे होऊन त्याला साथ द्यायचं वचन देतो. अ‍ॅरागॉर्न तलवार देतो, लेगोलास धनुष्य, गिमली कुऱ्हाड. इथवरही ठीक, ‘आम्ही तुझ्या पाठीशी आहोत’ हे वाक्य आमच्या सभामंडपातही प्रत्येक बैठकीत निघतं. पुढच्या दृश्यात ते आठही जण खरोखर चालायला लागले. काकांनी हात वर करून पिक्चर थांबवायला सांगितलं. ‘हे काही बरोबर नाही. वचन दिलं तिथे संपलं. सगळेच निघाले तर मागे बसून चुका कोण काढणार?’ जॅक्सनचा हा एक दोष त्यांनी शेवटपर्यंत माफ केला नाही.

दुसऱ्या रात्री भूक हा विषय निघाला, आणि नाटे हे मासळीचं बंदर असल्यामुळे तो चिघळला. एल्फ लोकांनी फ्रोडो आणि त्याचा सोबती सॅम यांना पानात गुंडाळलेली एक भाकरी दिलेली असते. तिचा एक घास खाल्ला की दिवसभर भूक लागत नाही. पुतण्याला वाटलं, बायका वाहवा करतील. आत्या म्हणाली, ‘मग उरलेला दिवस करायचं काय?’ यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं. टॉल्किनकडेही नसावं, कारण त्याचा सॅम लवकरच त्या भाकरीला कंटाळतो आणि शत्रूच्या मुलखाच्या तोंडावर चूल मांडून सशाचा रस्सा करतो. सॅम पाठीवर तवे-भांडी वागवत हिंडतो, हे बायकांना फार आवडलं. अ‍ॅरागॉर्न राजा होवो न होवो, मुलगी द्यायची तर सॅमला, यावर एकमत झालं.

गॉलमवर तर खटलाच उभा राहिला. अँडी सर्किस या नटाच्या हालचालींवर संगणकाने चढवलेलं हे पात्र चित्रपटाच्या इतिहासात महत्त्वाचं मानतात. अंगठीने पाचशे वर्षं पछाडलेला, दोन मनांत फाटलेला, स्वतःशीच भांडणारा जीव. स्वतःशी भांडणं आमच्याकडे कोणाला विशेष वाटलं नाही. एकट्या घरात राहणारी म्हातारी माणसं ते रोज करतात. पण त्याने झऱ्यात उडी मारली, मासा पकडला, दगडावर आपटला आणि तसाच, कच्चा, तोंडात घातला. पडवीत शिसारी पसरली. साखरीनाट्याच्या बंदरावर रोज पहाटे उभं राहून सुरमईचे डोळे तपासणाऱ्या माणसांसमोर हे दृश्य दाखवायला नको होतं. ‘कोकम नाही, तिरफळ नाही, निदान मीठ तरी लाव मेल्या!’ आत्याचा आवाज खाडीपलीकडे गेला असेल. अंगठीने माणूस किती खालच्या थराला जातो, हे इतरांना त्याच्या खुनशी डोळ्यांवरून कळलं. आम्हाला त्या माशावरून. आत्याने त्याला पुढेही दया दाखवली नाही. सॅम त्याच्यावर संशय घेत होता तेव्हा ती म्हणाली, ‘बरोबर आहे. कच्चा मासा खाणाऱ्यावर भरवसा ठेवू नये.’

हेल्म्स डीपचा वेढा पाहताना पुरुष मंडळी सरसावून बसली. गडाच्या पायथ्याशी ज्यांनी जन्म काढला त्यांना तटबंदी शिकवायची नसते. मोठी भिंत, मागे डोंगर, दहा हजारांची फौज समोर. पुतण्या सांगत होता की हा गड कधीच पडलेला नाही. काका म्हणाले, ‘पाणी कुठून जातं?’ तेवढ्यात पडद्यावर तटाखालचा पाण्याचा मार्ग दिसला. शत्रूने तिथेच सुरुंग लावला आणि भिंत उडाली. ‘सांगितलं ना! जाळी नाही की दगड नाही. एवढा राजा, आणि गटारावर माणूस ठेवला नाही.’ यशवंतगडाच्या बुरुजांत झाडांची मुळं शिरली आहेत, त्यांच्याविषयी मात्र त्या रात्री कोणी बोललं नाही.

झाडं चालतात हे ऐकून कोणी मान वळवली नाही. देवराईतली झाडं चालत नाहीत, पण तोडायला गेलेला माणूस चालेनासा होतो, एवढाच फरक.

तिसऱ्या रात्री एक गोष्ट अशी घडली, की मला पुतण्याची दया आली. काळ्या वेताळासारखा एक सेनापती आहे, त्याला कोणत्याही पुरुषाच्या हातून मरण नाही, असं भाकीत आहे. जगभरच्या प्रेक्षकांसाठी यापुढचा क्षण टाळ्यांचा. समोर उभा असलेला योद्धा शिरस्त्राण काढतो आणि ती इओविन नावाची राजकन्या निघते. पुतण्याने श्वास रोखून सांगायला सुरुवात केली, ‘आता बघा हं, याला कुठलाही पुरुष मारू शकत नाही...’ आणि पडवीतून सातआठ आवाज एकदम आले, ‘म्हणजे बाई मारणार!’ हिरण्यकश्यपूने दिवसा नको, रात्री नको, घरात नको, बाहेर नको अशी एवढी लांब यादी दिली तरी उंबरठा राहून गेला. महिषासुरानेही बाईला हिशेबात धरलं नव्हतं. वर मागताना राक्षस एक फट ठेवतोच, हे आमच्याकडे पहिलीत जाण्याआधी कळतं. ऑक्सफर्डच्या प्राध्यापकाने ही युक्ती राखून ठेवली होती; नाट्याच्या पडवीत ती दोन वाक्यं आधी फुटली.

गरुडांचा प्रश्न अमेरिकेपासून पुण्यापर्यंत सगळीकडे विचारला जातो. शेवटी गरुड येऊन फ्रोडोला डोंगरावरून उचलून नेतात, मग सुरुवातीलाच त्यांच्या पाठीवर बसवून का नाही पाठवलं? यावर चाहत्यांनी वर्षानुवर्षं डोकी फोडलीत. आत्याने दहा सेकंदांत निकाल लावला, ‘तो विष्णूचं वाहन. गाऱ्हाणं घातल्याशिवाय येतो? सुरुवातीला कोणी गाऱ्हाणं घातलंच नाही.’ खरं आहे. एल्रॉन्डच्या सभेत एवढे जाणते बसले होते, पण नारळ ठेवून ‘बा म्हाराजा’ म्हणणारा एकही नव्हता.

मधल्या वेळात पुतण्या चित्रीकरणाच्या हकिगती पुरवत होता, आणि मला वाटतं पुरुषांना सिनेमापेक्षा त्याच जास्त भावल्या. तिन्ही चित्रपट न्यूझीलंडमध्ये एकदमच चित्रित केले, मुख्य चित्रीकरण २७४ दिवस. चिलखतांसाठी प्लास्टिकच्या पाइपच्या चकत्या कापून, एक कोटीहून जास्त कड्या हाताने एकमेकींत ओवल्या. हॉबिट झालेल्या नटांच्या पायांवर रोज भल्या पहाटे केसाळ पाय चिकटवत, त्यालाच तासाच्या वर जाई. नमनात रावणाची दहा तोंडं बांधणाऱ्या एका म्हाताऱ्याने हे सगळं गंभीरपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘पाय चिकटवायला खळ कसली?’ तिसऱ्या चित्रपटाला ११ ऑस्करसाठी नामांकन होतं आणि अकराही मिळाली, हे कळल्यावर तो म्हणाला, ‘खळ चांगली असणार.’

फ्रोडो सप्टेंबरात घर सोडून मार्चमध्ये मॉर्डॉरला पोचला, हे ऐकून मुंबईहून आलेल्यांनी एकमेकांकडे पाहिलं. त्याच्या वाटेत महामार्गाचं चौपदरीकरण नव्हतं. आमचं २०११ पासून आहे.

हॉबिटांचं गाव मातामाता नावाच्या ठिकाणी एका मेंढपाळाच्या शेतावर बांधलं, ते आता पर्यटनस्थळ झालंय. लोक तिकीट काढून टेकडीतली ती गोल दारं पाहायला जातात. पुतण्या म्हणाला, गंमत म्हणजे बहुतेक दारांच्या मागे काही नाही, फक्त माती. काका थोडा वेळ गप्प बसले. ‘आपल्याकडे उलट आहे,’ ते म्हणाले. ‘दाराच्या मागे अख्खं घर असतं. माजघर, कोठी, माळा, सगळं. कुलूप असतं एवढंच.’ मग त्यांनी तिकीट किती, हे विचारून घेतलं.

शेवटच्या चित्रपटाला शेवट फार आहेत. अंगठी वितळली, पडदा काळा झाला, बायकांनी चटया गुंडाळल्या. पुन्हा उजेड. राज्याभिषेक झाला, चटया गुंडाळल्या. पुन्हा उजेड. असं बऱ्याचदा झालं. जगात याबद्दल जॅक्सनची थट्टा झाली, आमच्याकडे नाही. येतो म्हणून उठलेला पाहुणा ओट्यावर अर्धा तास, पायरीवर पाव तास, गडग्याशी तासभर उभा राहतो, हा आमचा रिवाज. न्यूझीलंडच्या माणसाला तो ठाऊक असल्याचं पाहून बरं वाटलं.

त्यातल्या एका शेवटात फ्रोडो, बिल्बो आणि गँडाल्फ जहाजात बसून पश्चिमेला जातात. पुतण्याचा आवाज जड झाला. ‘जे या जहाजातून पश्चिमेला जातात ते परत येत नाहीत,’ तो म्हणाला. आत्याने जागच्या जागी दुरुस्ती केली, ‘असं काही नसतं रे. साखरीनाट्याचे किती जण गेलेत. कोणी मस्कतला, कोणी कुवेतला. दोन वर्षांनी रजेवर येतील, येताना ब्लँकेट आणतील.’ पूर्वी मुंबईची बोट मुसाकाजीला लागे, तेव्हा रडारड असायची, हे तिला आठवतं. आता व्हॉट्सअ‍ॅपवर रोज तोंड दिसतं. त्या संकासुराला एवढी जादू येते, तर नंबर ठेवून जायला काय झालं होतं?

मला वाटलं, तीन रात्रींचा प्रयोग इथे संपला. पण चौघे हॉबिट आपल्या गावी परततात त्या दृश्यावर आमच्याकडचे निवृत्त तलाठी अडून बसले होते. ते शेजारीच राहतात, तिन्ही रात्री आले, एक शब्द बोलले नव्हते. चित्रपटात गाव जसंच्या तसं आहे. हिरवं कुरण, तीच गुत्त्यातली गर्दी. चौघे जग वाचवून आलेत आणि कोणी मान वर करून पाहत नाही. तलाठी म्हणाले, ‘मान वर करणार नाहीत हे खरं. कधी आलास, कधी जाणार, एवढंच विचारतात. पण वर्षभर गाव सोडलेला माणूस परत येतो आणि सगळं जागच्या जागी? एक झाड तुटलेलं नाही? हे मी माझ्या नोकरीत पाहिलेलं नाही.’

पुतण्या एकदम सरळ झाला. त्याने सांगितलं, की पुस्तकात तसं नाहीच. पुस्तकात शेवटाजवळ एक अख्खं प्रकरण आहे, जॅक्सनने ते गाळलं. चौघे परततात तर पुलावर फाटक, भिंतीवर नियमांच्या याद्या, गुत्ते बंद. जुनी घरं पाडून विटांची कुरूप खोपटी उठलेली. नवी गिरणी नदीत घाण सोडतेय. रस्त्याकडेची झाडं आडवी झालेली, आणि ज्या झाडाखाली बिल्बोने वाढदिवसाची पंगत घातली होती तेही तोडलेलं. राजा, युद्ध, डोळा हे सगळं झाल्यावर टॉल्किनला सांगायचं होतं ते हे. कादंबरी १९५४-५५ साली तीन खंडांत निघाली, आणि एवढा मोठा प्रवास करून लेखक शेवटी येऊन थांबला तो आपल्या गावातल्या एका तोडलेल्या झाडापाशी.

पडवीतली झोप उडाली. तीन रात्रींत कोणी एवढं पुढे सरकून बसलं नव्हतं. झाड कोणाच्या हद्दीत होतं? परवानगी कोणी दिली? गिरणीला ग्रामसभेचा ठराव होता का? यामागे सारुमान नावाचा बिघडलेला जादूगार होता असं कळल्यावर आमच्यातला सारुमान कोण, यावर चर्चा घसरली. खाडीपलीकडे माडबनला सहा अणुभट्ट्यांचा, ९,९०० मेगावॉटचा प्रकल्प यायचाय. बारसूच्या सड्यावर रिफायनरीसाठी २०२३ मध्ये मातीपरीक्षण झालं, तेव्हा तालुका पेटला होता. एकाच्या मते सारुमान म्हणजे प्रकल्प आणणारे. दुसऱ्याच्या मते गावातल्या पोरांना नोकरी मिळू न देणारे. तिसऱ्याच्या मते आधीच जमिनी घेऊन ठेवणारे, आणि या मुद्द्यावर पहिले दोघेही गप्प झाले.

‘या जादूगाराला गावात आणलं कोणी?’ तलाठ्यांनी विचारलं.

पुतण्याच्या बॅगेत मुग्धा कर्णिकांनी मराठीत आणलेलं ‘स्वामी मुद्रिकांचा’ होतं. त्याने शेवटचा खंड काढला. लोथो नावाच्या एका भाऊबंदाने आणलं, तो म्हणाला. त्या चमचेवाल्या लोबेलियाचा मुलगा. त्याने फ्रोडो गेल्यावर एकेक जमीन, गिरणी, गुत्ता विकत घ्यायला सुरुवात केली.

‘आणि फ्रोडोचं घर?’

ते फ्रोडोने निघण्याआधीच लोबेलियाला विकलं होतं.

‘खरेदीखत करून?’

‘हो. रीतसर विकलं.’

तलाठ्यांनी डोळे मिटले. बाकीच्यांनीही माना हलवल्या. एवढ्या मोठ्या संकटाचं मूळ शेवटी सापडलं होतं आणि ते अंगठीत नव्हतं. ‘संपलं,’ तलाठी म्हणाले. ‘आता सॉरॉन मरो की जगो. भाऊबंदाच्या नावावर चढलेलं घर सुटत नाही. पुढे काय झालं ते वाचू नकोस, मला माहिती आहे.’

पुतण्याने वाचून दाखवलंच. गावकरी उठाव करतात, सारुमान मरतो, सॅम गावभर नवी रोपं लावतो. लोबेलिया तुरुंगातून सुटून येते आणि फ्रोडोला त्याचं घर परत देऊन टाकते. आपणहून. पैसे न घेता. वर मरताना उरलेला पैसाही बेघर झालेल्यांसाठी त्याच्याच हाती सोपवून जाते.

पडवीत कोणी काही बोललं नाही. बोलणारी झाडं, तळहाताएवढ्या भाकरीवर चालणारी फौज, मनोऱ्यावरचा डोळा, पाचशे वर्षं कच्च्या माशांवर जगलेला माणूस, हे सगळं या मंडळींनी तीन रात्री बिनतक्रार स्वीकारलं होतं.

‘परत दिलं?’ तलाठ्यांनी विचारलं.

‘हो.’

‘पैसे न घेता?’

‘हो.’

‘जिवंतपणी?’

पुतण्याने पानाकडे पाहून पुन्हा होकार दिला. तलाठी उठले, छत्री शोधली, चपला पायात सरकवल्या.

‘लिहिणाऱ्याने कल्पना करावी,’ पायरी उतरता उतरता ते म्हणाले, ‘पण एवढी?’